पार्बताबाईच्या घरची पोथी

बडनेऱ्याच्या फलाटावर झेंडूच्या टोपल्यांशी दोघी बसल्या होत्या.

“पार्बताबाई, तुमच्या पोराचं, गोवर्धनचं, पीएचडीचं बाड झालं काय लिहून?”

“कुठचं, मैनाबाई! कॉलेजातली नोकरी अडली, तरी अर्धंच पडून आहे.”

“काहून?”

“लिहून थकला का, खुनाच्या गोष्टी वाचते. मले कुठं वाचता येते! वाटलं, पोथीच आहे. म्हटलं, मोठ्यानं वाच. रोज फूल वाहत होती मी पुस्तकाले!”

“कळलं तवा बंद नाई केलं?”

“तवरोक सारा मोहल्ला येऊन बसे ऐकाले.”

“त्याचे नागपूरचे प्रोफेसर रागावत असतीन?”

“आले होते ना जाब पुसाले! चार दिवस राहिले. खुनी सापडला, तवाच गेले.”

“मंग आता तरी लिहाले बसवा त्याले.”

“कशी बसवू? कालच नवी लावली. पोथी अर्धी सोडता येते काय, बाई?”