उजवा डोळा

सासू : आणखी एकाचा गाल सोलवटला बघ. टरफलाबरोबर निम्मं अंडंच हातात येतंय.

डॉक्टर : ताजी अंडी आणली की असंच होतं, आई. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. आठवडाभर जुनी आणायला सांगितली होती मी तुमच्या मुलाला.

नवरा : दुकानदाराकडे शिळी अंडी मागायची लाज वाटली मला.

डॉक्टर : लाज कुठे वाटून घ्यायची याच्या जागा तू अगदी निवडून ठेवल्या आहेस. फाटलेली बाजूला ठेवा, आई. जखमी डोळे म्हणून खपतील. हॅलोविन आहे, आज कुरूपतेला भाव आहे.

सासू : मला तर खरोखरचे डोळेच सोलतेय असं वाटायला लागलंय. पोरं हे तोंडात तरी घालतील का?

डॉक्टर : मुलं आधी किंचाळतात आणि मग खातात. मोठी माणसं आधी खातात.

नवरा : वा. आज स्वयंपाकघरात ऑपरेशनच्या खोलीतला आवाज लागलाय.

डॉक्टर : हातात सुरी असली की मी कमी बोलते आणि नेमकं बोलते. तू चित्रकलेचा मास्तर ना? मग हे काम तुझं. नीट ऐक. पिवळा बलक मेयोनीज आणि मोहरीच्या सॉसमध्ये घोटून मी परत भरलाय. त्यावर हिरव्या ऑलिव्हची चकती, ते बुबुळ. चकतीच्या भोकात काळ्या ऑलिव्हचा तुकडा, ती बाहुली. भोवती टूथपिकनं टोमॅटो सॉसच्या शिरा ओढायच्या.

नवरा : शिरा किती लाल? रात्रभर जागल्यासारख्या, की रात्रभर रडल्यासारख्या?

डॉक्टर : जागल्यासारख्या. रडण्याचा या घरात कोणाला अनुभव नाही. एका अंड्याचे दोन डोळे होतात, ते जोडीनंच मांड. ट्रेमधून माणसं बघतायत असं वाटलं पाहिजे. आणि ही वाटी घे.

नवरा : यात काय आहे?

डॉक्टर : काळे तीळ. प्रत्येक जोडीत एका बुबुळावर एक तीळ चिकटव.

नवरा : तो कशाला आता?

डॉक्टर : काही माणसांच्या बुबुळावर तीळ असतो. निरुपद्रवी असतो, पण त्यानं डोळा खरा वाटतो. ही नमुन्याची जोडी मी करून ठेवलीय. ती बघून कर.

सासू : तिळाचा तीळ करायचा म्हणजे. बरं सुचतं हो तुला, डॉक्टरीणबाई.

डॉक्टर : सुचत नाही, आई. मला योजावं लागतं.

सासू : पार्टीचं एवढं योजलंस, तसं घरातलंही काही योज. दोन आठवडे झाले, हा बैठकीच्या खोलीत गादी टाकतोय. पहाटे पाणी प्यायला उठते तर याच्या पायात पाय अडकतो माझा. पडले म्हणजे हाडांचा डॉक्टर शोधावा लागेल, तुझा काही उपयोग नाही.

नवरा : आई, तू अंडी सोल.

सासू : सोलतेच आहे. तोंडानं सोलत नाही मी.

डॉक्टर : त्यांना विचारायचा हक्क आहे. आई, मला एक शंका आहे. शंकेवर मी औषध देत नाही. एक तर तिचं निदान करते, नाहीतर पेशंटला घरी पाठवते. आज काय ते ठरेल. शंका खोटी निघाली तर मी तुमच्या मुलाची माफी मागेन, तुमच्यादेखत, आणि गादी आमच्या खोलीत परत येईल.

नवरा : आणि खरी निघाली तर?

डॉक्टर : माळ्यावरची तुझी मोठी बॅग काढायला शिडी लागेल. ती मी सकाळीच आणून ठेवली आहे.

नवरा : हे बघ, मी दहा वेळा सांगितलंय. काही नाही. कोणी नाही. मला शाळेतून यायला उशीर होतो कारण प्रदर्शनाची चित्रं लावायची असतात. तुला माणसांवर विश्वास ठेवता येत नाही, त्याला मी काय करू? तुला सगळं भिंगाखालीच पाहायचं असतं.

डॉक्टर : भिंगाखाली पाहिलं की निदान भांडावं लागत नाही. शीर जाड झाली तुझी. टूथपिक दाबतोयस का?

नवरा : दाबत नाहीये. सॉस पातळ आहे.

सासू : बरं, येणार कोण कोण ते तरी सांगा. मला कोणाशी गोड बोलायचंय ते आधी कळू दे.

डॉक्टर : दवाखान्यातल्या दोघी नर्स आणि त्यांची मुलं. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड. आणि दवाखान्याच्या खाली दुकान आहे ती चष्मेवाली.

नवरा : तिला कशाला बोलावलंस?

डॉक्टर : का बोलावू नये? माझे निम्मे पेशंट तिच्याकडे चष्मे करतात. तूही करतोस.

नवरा : नाही, तसं नाही. मुलांच्या कलकलाटात ती एकटी बाई कंटाळेल, एवढंच.

सासू : एकट्या बाईच्या कंटाळ्याची फार काळजी हो तुला. मी इथे दिवसभर भिंतीशी बोलते.

डॉक्टर : थांब. ट्रे इकडे सरकव. हे काय केलंस?

नवरा : सांगितलंस तेच केलं. बुबुळ, बाहुली, शिरा. उत्तम जमलंय खरं तर. हा बघ, हा नुसता तुझ्याकडे बघतोय.

डॉक्टर : नमुन्यात तीळ कुठे आहे?

नवरा : बुबुळावर.

डॉक्टर : डाव्या बुबुळावर, वरच्या कडेला. तू केलेल्या एकूण एक जोड्यांत तो उजव्या बुबुळावर आहे, आणि खाली, नाकाच्या बाजूला.

नवरा : तिथे जास्त बरा दिसतो. वर ठेवला तर पापणीखाली जाईल. चित्रातली साधी गोष्ट आहे.

डॉक्टर : अंड्याला पापणी नसते. पण ठीक आहे, कलावंताचं स्वातंत्र्य. फक्त एक खुलासा कर. हा उजवा म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताचा, की ज्याचा डोळा आहे त्याचा? आमच्या कामात या एका गोंधळापायी भलत्याच डोळ्यावर सुरी चालते.

नवरा : बघणाऱ्याचा नाही गं. तिचा उजवा.

डॉक्टर : कोणाचा?

नवरा : अं?

डॉक्टर : तू 'तिचा' म्हणालास. अंडं नपुंसकलिंगी आहे. बुबुळही. डोळा पुल्लिंगी. या टेबलावर स्त्रीलिंगी काय आहे?

नवरा : सुरी आहे.

डॉक्टर : सुरीला उजवा डोळा नसतो.

सासू : बाहुली. डोळ्यातली बाहुली म्हणाला असेल तो. बाहुलीचा उजवा, म्हणजे उजवा डोळा तिचा. बरोबर ना रे?

नवरा : हो. बाहुली. शब्दात कसलं पकडतेस मला?

डॉक्टर : शब्द फक्त दार उघडतो. आत काय आहे ते आता बघू. उजवं बुबुळ, खाली, नाकाच्या बाजूला तीळ. या शहरात असा एक डोळा मी पाहिलाय. तपकिरी बुबुळावर तपकिरी तीळ. मलाही तो यंत्राखालीच दिसला.

नवरा : तू चष्मेवालीबद्दल बोलत असशील, तर सरळ सांगतो. ती माझ्या चष्म्याचं माप घेते. समोर बसते, डोळ्यांत बघते, पट्टी धरते. मला दिसला असेल तीळ. त्यात काय एवढं?

डॉक्टर : मी चष्मेवालीचं नाव घेतलं का?

नवरा : घेतलंस. आत्ता.

डॉक्टर : पाहुण्यांमध्ये घेतलं, तिळाशेजारी नाही. तिला तिळाशेजारी तू बसवलंस. पण तुझं म्हणणं विचारात घेऊ. माप घेताना ती हातभर लांब बसते. तेव्हा चष्मा तुझ्या नाकावर असतो की काढलेला असतो?

नवरा : काढलेला. माप घ्यायचं म्हणजे काढावाच लागतो.

डॉक्टर : तुझा नंबर उणे पाच आहे. मीच काढलाय. चष्म्याशिवाय तुला एका वितीपर्यंत लख्ख दिसतं. वितीच्या पलीकडे तुला माणसाचं नाक धड दिसत नाही, मग बुबुळावरचा तीळ कसा दिसेल?

नवरा : मग चष्मा लावलेला असेल. कधीतरी बोलताना दिसला असेल.

डॉक्टर : चष्मा लावून तुला या वयात जवळचं दिसत नाही. वाचताना तू तो कपाळावर चढवतोस, आठव. म्हणजे चष्मा लावून तीळ दिसायला हवं तेवढं जवळ जाता येत नाही, आणि चष्मा काढून वितीपेक्षा लांब राहता येत नाही. उरतं एकच. चष्मा काढलेला होता, अंतर वितीच्या आत होतं, उजेड चांगला होता, आणि तू घाईत नव्हतास. एकदा दिसलेली गोष्ट बोटं अशी पाठ करत नाहीत. बारा वेळा त्याच जागी ठेवलास, नमुना समोर असताना.

नवरा : किती घाणेरडी आहेस तू. एका पेशंटचा डोळा वापरलास. माझ्याच हातानं.

डॉक्टर : मी अंडी केली. डोळा तू केलास.

नवरा : तिला यात ओढू नकोस. मला काय बोलायचं ते बोल. ती साधी बाई आहे, तिच्या दुकानाचं भाडं, तिची आई...

डॉक्टर : बघा आई, किती वेळ लागला. माझ्यासाठी त्याला अजून एक वाक्य सापडलेलं नाही, तिच्यासाठी तीन सापडली.

नवरा : आपण हे उद्या बोलू. मुलं येतील आता. मी पाया पडतो तुझ्या, आज नको.

डॉक्टर : पाया पडू नकोस, गुडघ्याला सॉस लागेल. आणि आज बोलायचं काहीच उरलेलं नाही. पार्टी होईल. मुलं किंचाळतील. तू पांढरी चादर पांघरून भूत होणार आहेस, ठरल्याप्रमाणे. सगळे गेले की शिडी लाव.

नवरा : आणि ती आल्यावर मी काय करायचं?

डॉक्टर : ट्रे घेऊन तिच्यासमोर जायचं. पहिलं अंडं तिला. तीळ असलेलं. ती उचलेल, नीट बघेल, मग तुझ्याकडे बघेल. तोपर्यंत तू जागचा हलायचं नाहीस.

नवरा : ती रडेल.

डॉक्टर : मग शिरांचा रंग तुला आयता कळेल.

नवरा : आई, तू तरी सांग ना हिला काही.

सासू : मी काय सांगणार, बाळा? माझा हात अंड्यांनी चिकट झालाय.

(दारावरची घंटा वाजते. बाहेर मुलांचा गलका, त्यात एका बाईचं हसू.)

डॉक्टर : जा. चादर नीट घे, डोळ्यांची भोकं पुढे आली पाहिजेत. चष्मा आतूनच लाव. आणि ट्रे दोन्ही हातांनी धर.

सासू : गेला बिचारा. पाय बघ कसे टाकतोय.

डॉक्टर : आई, ते उरलेलं राहू द्या. इकडे बघा.

सासू : बघतेय की. आता सगळं लख्ख दिसतं मला. तुझ्या नाकावर पीठ लागावं तसं मेयोनीज लागलंय.

डॉक्टर : 'बाहुली' तुम्हाला फार पटकन सापडली. शब्दकोड्यात तुम्ही एका शब्दाला अख्खी दुपार घालवता.

सासू : आपल्या पोराला आई सावरणारच.

डॉक्टर : सावरायला तो घसरलाय हे आधी कळावं लागतं. मला ते सिद्ध करायला तीन डझन अंडी लागली. तुम्हाला कळायला काय लागलं?

सासू : काही नाही लागलं. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलास, पट्टी सोडलीस, आणि त्याच आठवड्यात हा मला नव्या चष्म्यासाठी तिच्या दुकानात घेऊन गेला. मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. दुकानात चहूकडे आरसे. त्यांना वाटलं, म्हातारीला कुठलं काय दिसतंय. तिनं आपल्या हातानं याचा चष्मा काढला, पुसला, आणि परत लावायची घाई काही केली नाही. मला इतकं स्वच्छ दिसलं की मी तुझं मनातल्या मनात कौतुक केलं. हात फार चांगला आहे हो तुझा.

डॉक्टर : डाव्याला आता सहा महिने झाले. रोज तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात. मी तुमच्या डोळ्यांत औषध घातलं. माझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं, असं नर्ससमोर म्हणालात.

सासू : ते खोटं नव्हतं.

डॉक्टर : मग एका शब्दानं का नाही बोललात?

सासू : बोलणार होते गं. पण उजवा डोळा व्हायचा होता ना अजून.