मातीतल्या खुर्च्या

प्लास्टिकचा वास घालवण्यात सातारा-सांगलीत माझा हात कुणी धरणार नाही. आता आमच्या घरची पाण्याची बाटली अजून रॉकेलनं घमघमते, ते सोडा.

घराघरात प्लास्टिकच्या खुर्च्या नव्यानं शिरत होत्या, तेव्हाची गोष्ट. रहिमतपूरचा माझा दोस्त सर्जेराव, फौजेतला रिटायर हवालदार. लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून त्यानं शिरवळच्या एका पोल्ट्रीतनं सहा जुन्या खुर्च्या आणल्या. साबण झाला, सोडा झाला, पण कोंबड्यांचा वास काही हटेना.

मी म्हणालो, "गड्या, मातीत पूर. माती वास वढून घेती."

फौजी माणूस तो! अंगणात खंदकच खणला आणि खुर्च्या उलट्या पुरल्या, पाय तेवढे वर.

रविवारी यायचे पाहुणे शनिवारीच टपकले. मी तिथंच चहा पीत होतो. मुलाचा बाप अंगणात थबकला.

"आवं हवालदार, ह्ये काय लावलंय?"

सर्जेरावानं माझ्याकडं बघितलं. मग मीच म्हणालो, "खुर्च्या हायती. पाऊस झाला की सोफा उगवल."

कुणी हसलं नाही. पाहुणे उभेच. तेवढ्यात सर्जेरावाची बायको दारातनं मला म्हणाली, "भावजी, लय झालं. आता तुमीच ओणवं व्हा. पाव्हण्यांना बसायला कायतरी पायजे."