घोड्यापुढचं प्यादं, एक घर

नाना : माझा नाव काढून टाक गो, अक्षदा. कोच म्हणून तुझ्या क्लासच्या सरांचा लिही.

अक्षदा : फॉर्म गेला पण, नाना. सहा वाजता दादरला बक्षीस समारंभ, माइकवर नाव घेणारेत. तुम्ही फक्त चला.

नाना : लोक हसतले. एकदा हसले तेवढा पुरे झाला.

अक्षदा : चार वर्षं झाली त्याला!

नाना : म्हणून काय झाला? समोरच्या पोरान प्यादा दोन घरां टाकल्यान, नि तू भर हॉलात ‘चीटिंग, चीटिंग’ ओरडलंस. कोणामुळे? मी मिलच्या कॅन्टीनमध्ये शिकलंय ता देशी बुद्धिबळ. प्यादा एकच घर चालता. बाहेर पयल्या चालीक दोन चालता, ह्या माका ठाऊकच नाय.

अक्षदा : बरं, कालचं ऐका. शेवटचा राउंड, समोर ध्रुव. पंधरा-पंधरा चाली पाठ त्याच्या. मी काय खेळले असेन?

नाना : काय?

अक्षदा : डावीकडच्या घोड्यापुढचं प्यादं. एक घर.

नाना : शिरा पडो तुझ्या तोंडार! शेवटच्या राउंडाक?

अक्षदा : तो नुसता बघतच बसला. पहिल्याच चालीला अकरा मिनिटं! सगळं पाठांतर फुकट. मग तुमचा उंट, प्याद्यामागे दडवलेला, डोळा थेट त्या टोकाच्या हत्तीवर...

नाना : नि त्याचा मधला प्यादा हलला काय...

अक्षदा : हत्ती गेला! तेविसाव्या चालीला त्याने डाव सोडला. पंच विचारतात, हे कोणी शिकवलं? म्हटलं, आमच्या काळाचौकीच्या नानांनी.

नाना : उगाच मोठा करतंस माका. चूक ती चूकच.

अक्षदा : असू दे चूक. आई कामावरून येईपर्यंत रोज मला घेऊन कोण बसायचं? सोंगटीला हात लावायच्या आधी समोरच्याचं बघ, हे कोणी सांगितलं? आणि त्या दिवशी मी रडले ना, ते लोक हसले म्हणून नाही. तुम्ही नंतर पट काढलाच नाहीत म्हणून.

(नाना वाकून पलंगाखालून पट ओढतात.)

नाना : धूळ बघ किती... सहाक आसा ना? इस्त्रीचो शर्ट आसा एक. तवसर एक डाव होयत.

अक्षदा : होईल की. पहिली चाल तुमची.

नाना : आता दोन घरां टाकूक होयी ना गो?

अक्षदा : या खोलीत एकच, नाना.