कुंकू लावलेलं बेअरिंग

नाही मिस्त्री, तो गंज नव्हे — कुंकू आहे. हो, कुंकूच, असे डोळे विस्फारून पाहू नका. नवं बेअरिंग आणलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आणि नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय वापरायची नाही, ही आमच्या घरची तीन पिढ्यांची रीत. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलं — तो रांगतो आहे आणि बाजूला हे चकाकतं आहे, जणू त्याच्याच पांगुळगाड्याचं चाक! — हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या... काय सापडलं? तांदूळ? अरे रामा! म्हणजे अक्षता झटकायच्या राहूनच गेल्या. पीठ झालंय म्हणता? होणारच, फिरत्या लोखंडात धान्य घातलं की दुसरं काय होणार? हसा, मोकळेपणाने हसा. लवू मिस्त्रींनी अंधेरीत शेकडो गाड्या उघडल्या असतील, पण चाकात पूजा मांडलेली ही पहिलीच असेल.

आणि ते जे काळं-पिवळं चिकटलं आहे ना — वास घेऊ नका, मीच सांगतो — ते तूप. साजूक. ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते असं कुणीसं म्हणालं. खरं-खोटं विचारायला मी कुठे थांबतो? सोवळ्याचा मुकटा नेसून बसलो, घरचं सहा चमचे तूप रोलरांत बोटाने भरलं, आणि वर विष्णुसहस्रनाम चालूच. हे खड्डे? ते वरवंट्याचे. जुनी कडी निघेना, आणि माझ्यापाशी हातोडी कुठली — स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि ठोकला. नट? नट मी अंगातलं सगळं बळ लावून आवळला. थोडा सैल सोडायचा असतो म्हणता? आता कळलं. अहो, पस्तीस वर्षं कीर्तनात सांगतोय, आसक्ती सैल करा, मुठी सैल करा — आणि एक नट सैल सोडायची बुद्धी झाली नाही!

पण खरी गंमत जुन्या बेअरिंगची. ते वर्षभर घुमत होतं. तीस मैलांचा वेग धरला की पुढचं डावं चाक असा भरीव सूर लावी — काळी एक, अगदी स्वच्छ! — की मला वाटलं, परमेश्वराने गाडीत तंबोरा बसवून दिला. मग काय, घोडबंदर रोडने निघालो की एका हातात सुकाणू, दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका, आणि अभंग. ही — आमच्या जानकीबाई — शेजारी बसून म्हणायची, "अहो, चाक कण्हतंय." मी म्हणायचो, "तुला नाद कळत नाही." पुढे पुढे तंबोऱ्याला कंप सुटला, चाक डुलायला लागलं, तेव्हा कुठे पटलं की कण्हतच होतं. बिचारं वर्षभर कण्हलं आणि मी त्यावर ताना घेतल्या.

तर मग मी स्वतःच्या हाताने हे नवं बसवलं, आणि हिला म्हटलं, चल, कांदिवलीला तुझ्या भावाकडे सोनं द्यायला जाऊ. मालाड ओलांडलं आणि चाकातून धूर! वास कसला, तर तळणीचा. रस्त्यावरची माणसं धावत आली, एक तर विचारतो, "बुवा, डिकीत जिलब्या आहेत काय?" चाक जागच्या जागी अडकलं. ही शांतपणे उतरली, पदर सारखा केला आणि पुढची बस धरून भावाकडे निघून गेली. मला दुधाच्या टेम्पोमागे दोर बांधून परत आणलं. सगळी अंधेरी दारात उभी. आज अकरा दिवस झाले. फोन केला तर म्हणाली, "गाडी लवू मिस्त्रींकडून नीट करून घ्या, आणि मग न्यायला या." एवढंच... नाही, एवढंच नाही, पण ते राहू द्या. तुम्ही काम करा.

काय विचारलंत? पहिल्यांदाच तुम्हाला का बोलावलं नाही? अहो, स्वावलंबन. हौस. माणसाने आपलं काम आपल्या हाताने — तसं तुमचं गॅरेज फाटकापाशी, दोन मिनिटांवर, पण... तुम्हाला बोलावलं असतं तर पुन्हा पाण्याचा... काही नाही. पाना हवा का? तो पायरीवर आहे.

हे पाहा, मी बोलायला लागलो की थांबत नाही, हा माझा जुना रोग. तेव्हा आता बोलूनच टाकतो. गेल्या वर्षी वैशाखात तुम्ही ब्रेक दुरुस्त करायला आला होता. ऊन मी म्हणत होतं. तुम्ही पाणी मागितलंत आणि मी — आठवतंय ना? — मी तांब्या आणला, तुम्हाला ओंजळ करायला लावली आणि हातभर उंचीवरून धार धरली. तुम्ही प्यायलात, हात पुसलेत, पुन्हा गाडीखाली गेलात. ही खिडकीत उभी होती. त्याच संध्याकाळी राममंदिरात माझं कीर्तन. विषय, सर्वांभूती एकच देव. असा रंगलो मिस्त्री, की माझेच डोळे भरून आले! डोळे पुसून पाहतो तर पहिल्या रांगेत हिची जागा रिकामी. घरी आल्यावर एकच वाक्य — "पुढच्या वेळी ते आले की आपल्या फुलपात्रातून पाणी द्याल, तरच गाडीला हात लावू द्या त्यांना." म्हणून तुम्हाला बोलावलं नाही. चाक वर्षभर कण्हू दिलं, तूप जाळलं, वरवंटा फोडला, बायकोला भररस्त्यात उतरवलं — एक फुलपात्र वाचवायला. ऐकणाऱ्यांपैकी कुणी हसत नाही अशी ही माझी पहिलीच कथा.

झालं? बसलं? फिरवा पाहू... आणखी एकदा. काही ऐकूच येत नाही हो. माझा तंबोरा गेला म्हणायचा! चांगलं झालं, आता पाच वाजेपर्यंत कांदिवलीला पोचतो. पण थांबा, असे निघू नका, पिशवी ठेवा खाली. हात धुतलेत ना? या, ओटीवर या. पायरीवर नको, वर या, या पाटावर. मी पाणी आणतो. फोनवर ती जे आणखी बोलली ते हेच — "मी मिस्त्रींनाच विचारीन, कसं दिलंत." आणि तुम्ही काही खोटं सांगणार नाही, मला ठाऊक आहे.

हे घ्या. हे आमचं रोजचं, मी ह्यातूनच... मिस्त्री? हे काय करताय? नाही, नाही — ओंजळ नको. अहो, हात खाली घ्या. मी धार धरणार नाही, हे फुलपात्र तुमच्यासाठीच आणलंय, हातात धरा... अजून तशीच ओंजळ?

बरं. मी इथे खाली ठेवतो, तुमच्या पाटाशी. आणि आता बोलत नाही.