एका गोलाची राखण

(पोंभुर्णा, १९५४. तलावाकाठच्या मैदानावर अहेरीच्या संघाशी फुटबॉलचा अंतिम सामना. पोंभुर्णा एका गोलानं पुढे.)

डोमा : घनश्याम, तू बाहेर निघ. इस्तारीभाऊले आत घेऊन राह्यलो.

घनश्याम : मले काढतेस? कप्तान झाला म्हणून काईबी करशीन? गोल कोणं मारला?

डोमा : तूच मारला. पण आता मारणारा नाई, अडवणारा पायजे. एक गडी बदलाले अहेरीवाले कबूल आहेत.

घनश्याम : आज नको नं भाऊ! कुंताचा बाप मले पाहाले येऊन राह्यला. पैले पोराचा खेळ पाहीन, मंगच पोरगी देईन म्हणे. त्याची बैलबंडी अजून आली नाई. येईन तं मी काठावर शेंगा खाताना दिसीन!

डोमा : मंग शेंगा नको खाऊ.

घनश्याम : थट्टा सुचते तुले! माहं लगन मोडन!

डोमा : आन् सामना गेला तं गावाचं नाक जाईन. तूच सांग, चांगलं कोण अडवते? तू का इस्तारीभाऊ?

घनश्याम : ...इस्तारीभाऊ.

डोमा : मंग?

घनश्याम : जातो बाप्पा. इस्तारीभाऊ! तो अहेरीचा लंबा गडी डावरा आहे, त्याच्या डाव्या पायापुढंच उभे राहा!

गुणवंतराव : सरक रे बाबू, बसू दे. बंडीचा आख मोडला, पायीच आलो. यातला घनश्याम कोणता? माह्या कुंतासाठी पाहाचा आहे.

घनश्याम : ...राम राम मामाजी. मीच तो.

गुणवंतराव : तू? आन् इथी बसून? मारामारी केली का?

घनश्याम : नाई जी. गोल केला.

गुणवंतराव : गोल केला म्हणून काढला? अजब गाव आहे!

घनश्याम : तो गोल आता राखाचा आहे जी. इस्तारीभाऊ माह्यापेक्षा चांगले अडवतेत. तलावात मारा, इस्तारीभाऊ! तलावात!

गुणवंतराव : अरे, बॉल बुडाला! थांब, मी आणतो!

घनश्याम : मामाजी, नका! अवो मामाजी, धोतर!

डोमा : घनश्याम! हा बुढा कोण? आपण वेळ काढून राह्यलो, आन् हा डुबकी मारून बॉल घेऊनबी आला!

घनश्याम : माहा सासरा आहे. म्हणजे, होणारा.

डोमा : मंग थांबव त्याले!

घनश्याम : तूच थांबव! माह्यानं नाई होत.

गुणवंतराव : हे घ्या! पाण्यात काई पडलं का मासोळ्या धरणाऱ्या ढिवराचा जीव काठावर राह्यत नाई. कसा आणला?

घनश्याम : झकास आणला मामाजी. पण एवढा झकास आणाचा नव्हता. बॉल पाण्यात असला तरी पंचाची घडी चालूच राह्यते.

गुणवंतराव : हात् तिच्या! आधी सांगाचं नं!

घनश्याम : तुमी थांबले कुठी?

डोमा : शाब्बास इस्तारीभाऊ! गेला पुन्हा तलावात!

गुणवंतराव : बस तू. मीच जातो. आता गुडघ्याले वात आहे माह्या, हळूच जाईन.

डोमा : अहेरीवाले बोंबलून राह्यले रे! बुढा कमळाच्या आड गेला का?

घनश्याम : आले, आले! बॉल पाण्याखाली दाबून आणून राह्यले!

गुणवंतराव : कातडी बॉल आहे, पोटभर पाणी पाजलं. आता मारा म्हणा!

डोमा : मारला त्या लंब्यानं... बॉल अर्ध्यातच बसला! शिट्टी झाली! जितलो रे, जितलो!

घनश्याम : इस्तारीभाऊले खांद्यावर घ्या रे! पैले इस्तारीभाऊले!

डोमा : मामा, एक बोलू? पोट्टा बसून होता तो माह्यामुळं. लगन नका मोडू.

गुणवंतराव : काऊन मोडू? पोरगा पाहिला नं मी.

डोमा : पण त्याचा खेळ तं तुमी पाहिलाच नाई.

गुणवंतराव : गोल मारताना नाई पाहिला. बाहेर काढल्यावर दुसऱ्यासाठी घसा फोडताना पाहिला. तेवढं पुरे. जवाईबापू, एखांदं सुकं धोतर भेटन का?