कल्लाप्पाच्या माश्या

— व्हय मॅडम, तीच. आत्ता तुम्हास्नी पाणी देऊन आत गेली ती माझी बायकोच, बाळाबाई — जिच्या फोटोला तुम्ही हार आणलाय ती. बसा हो, घाबरू नका, भूत-बीत न्हाय. हार तेवढा पिशवीतच राहू दे. बेंगळूरास्नं आमच्या वडगावापातूर आलासा, माल का थांबला इचारायला, आन् दुखवट्यालाबी — तुमचं काय चुकलं? काय न्हाय. चुकलं ते माझं, आन् तेबी तिकडं, न्यूझीलंडात.

तुमच्या कंपनीनंच धाडलतं न्हवं मला, उत्तम कारागीर म्हणून, आठवडाभर, मासे धरायच्या त्या लॉजवर? हेलिकॉप्टरनं सोडत्यात तितं — रस्ता न्हाय, फोनला रेंज न्हाय, चौबाजूनी डोंगर आन् मधी नदी, तळातले गोटे मोजावेत असलं पाणी. गळाला गांडूळ लावत न्हाईत ते लोक, आमच्या घरात तुमच्यासाठी बांधत्यात ती खोटी माशी लावत्यात — कोंबड्याचं पीस, रेशमाचा दोरा, तिळाएवढी. मासा फसला की धरत्यात, फोटो काढत्यात, आन् परत सोडत्यात. खायचा न्हाय. मी म्हणलं, मग धरता कशाला? तर हसली समदी.

आता खरं सांगतो. माग चालवून चालवून माझी बोटं ही अशी, जाड. मागावर धागा तुटला की सांधायचं काम बाळाबाईचं — अशी सांधायची की गाठ दिसायची न्हाय. तुमच्या माश्या पैल्यापास्नं तिनंच बांधल्यात, नऊ वर्सं. मग नाव माझं कसं? फारमावर घरच्या कर्त्याचं नाव लिवा म्हणले, लिवलं. आमंत्रण आलं तवा ती म्हणाली, मी येऊ का. मी म्हणलं, तुला काय कळतंय तितलं? तरी जायच्या आदी मला शेजारी बसवून शिकवाय लागली — एक तरी बांधाय शिका, कोण तरी इचारंल. दुसऱ्या दिवशीच उठलो मी. कटाळा आला.

तितं तिसऱ्या दिवशी इचारलंच. नाष्टा झाल्यावर टेबलावर माशी बांधताना गळ धरायचा चिमटा मांडला, दिवा लावला, बारा-चौदा गोरी माणसं खुर्च्या वढून भोवतीनं बसली. बांधून दाखवा म्हणली. तितला आचारी पंजाबी, त्याला हिंदीत म्हणलं — घरात मयत झालीय, विमानतळावर कळलं, सुतक हाय, आमच्यात सुतकात कामाच्या वस्तूला शिवत न्हाईत. त्यानं इचारलं, कोण गेलं? आता भावकीत काय माणसं कमी हायत? चुलता म्हणायचा, चुलती म्हणायची. तोंडातनं निघालं — बायको. का निघालं? लई इचार केला मी त्याचा. राग आलता तिचा, दुसरं काय न्हाय. ती असती तर दोन मिनिटात बांधून मोकळी झाली असती, आन् ती न्हाय म्हणून मी असा उघडा पडलोय — असला राग.

आचाऱ्यानं इंग्रजीत सांगितलं तशा समद्यांनी टोप्या काढल्या. एक म्हातारा मला हाताला धरून नदीवर घेऊन गेला, त्याचीबी बायको गेलेली. हातभर मासा धरला आन् म्हणाला, तिचं नाव सांग. सांगितलं. 'बालाबाय, बालाबाय' म्हणत त्यानं मासा पाण्यात सोडला आन् रडला. मग मीबी रडलो, मॅडम. राहिलेले चार दिवस लई जपलं मला त्यांनी — आन् खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

परत आल्यावर आठ दिवसांनी लॉजवाल्यांची चिठ्ठी आली फोनवर, तुमच्या कंपनीला आली तीच. आमच्या माधवीनं, लेकीनं, मराठी करून मोठ्यानं वाचली, आईच्या देखत — थोर कारागिराच्या कैलासवासी पत्नीच्या नावाची पाटी नदीकाठाला लावलीय म्हणून. वरडली असती तर बरं झालं असतं. न्हाय वरडली. चिमटा, दोरे, पिसं, समदं फडक्यात बांधून ट्रंकंत टाकलं आन् म्हणाली, "मेलेली बाई कामाला बसती व्हय?" अठरा दिवस झालं. भाकरी घालती, पाणी तापवती, समदं करती, माशीला हात लावत न्हाय. पाया पडलो तिच्या. तर म्हणती, "माश्या कुणी बांधल्या ते कंपनीला तुमच्या तोंडानं सांगा. दुसरं काय मागत न्हाय मी."

तेवढंच की. तुम्हास्नी सांगितलं न्हवं आत्ता? सांगितलं. पर येत्या आयतवारी विणकर समाजात माझा सत्कार हाय, कार्डं वाटून झाल्यात, वर माझा फोटो हाय — त्यो झाल्यावर कळवलं तर चालंल का? अशा बघू नका, मॅडम. बरं, लावा फोन तुमच्या साहेबास्नी. आत्ताच सांगतो, तिलाबी ऐकू जाऊ दे. — नमस्कार साहेब, कल्लाप्पा बोलतोय. व्हय. बायको जित्ती हाय साहेब माझी, खोटं बोललो मी, माफी करा... व्हय, व्हय... माश्या? कोण बांधतंय म्हंजे... आमच्या घरातच बांधत्यात की साहेब... म्हंजे हात माझाच असतोय, ती आपली दोरा-बिरा काढून देती —

बंद करा त्यो फोन. बंद करा म्हणतोय न्हवं. आत भांडी घासत होती ती, थांबली बघा.

मॅडम, तुम्ही जावा आता. कोपऱ्यावर रिक्षा मिळंल. मालाची वाट बघू नका.