निर्जळी उपास

हसू नका, पण जळणं म्हणजे काय ते मला विचारा. सन तीस-एकतीसच्या सुमारास मी अलिबागेत मुलींना बास्केटबॉल शिकवायची, तेही नऊवारी नेसून. दुसऱ्या शाळेत मार्थाबाई शिकवायची. आम्हा दोघींचा डोळा एकाच पोरीवर, कोळीवाड्यातल्या चंद्रीवर. ती किनाऱ्यावरून मचव्यातल्या टोपलीत नारळ फेकायची, एकही पाण्यात पडत नसे.

आधी मीच तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "बाई, जेवून जावा. बोंबील केलेत."

"आज माझा उपास आहे."

तिनं लगेच शहाळं तासायला घेतलं. "ह्ये तर उपासाला चालतं."

आता कोळ्याच्या घरचं पाणी मी कशी पिणार? म्हटलं, "निर्जळी आहे हो!"

दुसऱ्या दिवशी मार्था गेली. तिनं बोंबील खाल्ले, वर कालवण मागून घेतलं. चंद्री तिच्या शाळेत!

मॅचला चंद्रीचा एक नेम चुकेल तर शपथ. मार्थेच्या टाळीगणिक माझ्या अंगाची लाही होत होती. आमच्या मुलींवर ओरडून ओरडून घसा कोरडा पडला. खेळ संपला, तशी चंद्रीची आई सगळ्यांना शहाळी वाटत आमच्याकडे आली. जातबीत विसरून मी हात पुढे केला.

तिनं शहाळं हातातच धरलं आणि विचारलं, "बाई, निर्जळी सुटली का?"